पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे न मानणाऱ्याला नेमके काय दाखवावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे मामा सुशिक्षित आहेत, पंचांग चांगले जाणतात, पृथ्वी गोल आहे हे त्यांना मान्य आहे. पण ती सूर्याभोवती फिरते हे मात्र ते मानत नाहीत. अंतराळसंस्थांची छायाचित्रे त्यांना पुरावा म्हणून चालत नाहीत, आणि शाळेच्या पुस्तकातला जो मुद्दा तुम्ही मांडता त्याला त्यांच्याकडे उत्तर तयार असते. तेव्हा कोणावरही विश्वास न ठेवता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पटेल असा पुरावा आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

असा पुरावा आहे. हौशी निरीक्षकांना दुर्बीण आणि वर्णपटदर्शक (प्रकाश त्याच्या रंगांत वेगळा करून दाखवणारे यंत्र) वापरायला शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि हा प्रश्न मला आकाशदर्शनाच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात भेटतो. अनुभवाने सांगतो की सुरुवात एका कबुलीने करावी लागते: शाळेतल्या मुद्द्यांना तुमच्या मामांनी दिलेली उत्तरे बहुतेक बरोबर आहेत. पुस्तकात पुरावा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी या प्रश्नाचा पुरावा नाहीतच, आणि त्यांच्यावर भर दिल्यामुळे आपली खरी भक्कम बाजू मांडायची राहून जाते.

दिवस-रात्र आणि फुकोचा लंबक हे मुद्दे आधी बाजूला ठेवा. लेआँ फुको यांनी 1851 मध्ये पॅरिसला दाखवलेला लंबक पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सिद्ध करतो. ती सूर्याभोवती फिरते की नाही याबद्दल तो काहीही सांगत नाही. परिवलन आणि परिभ्रमण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वादात त्यांची हमखास गल्लत होते. ऋतू हाही पुरावा नाही, कारण कललेल्या वार्षिक मार्गाने सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो असे धरले तरी ऋतू अगदी असेच होतात. हिवाळ्यात संध्याकाळी मृग दिसतो आणि उन्हाळ्यात वृश्चिक, यावरून सूर्य ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात एक फेरी मारतो एवढेच ठरते. ती फेरी त्याची की आपली, हे ठरत नाही. गुरूचे चार चंद्र दाखवून एवढेच म्हणता येते की सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते असे नाही.

शुक्राच्या कलांचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे आणि तो दुर्बिणीतून जरूर दाखवावा. शुक्र संध्याकाळच्या आकाशात नुकताच दिसू लागतो तेव्हा त्याचे बिंब लहान, सुमारे 10 विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आणि जवळजवळ पूर्ण गोल असते. पुढच्या सात-आठ महिन्यांत ते मोठे होत जाते आणि त्याच वेळी क्षीण होत जाते. अंतर्युतीच्या सुमारास, म्हणजे शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये येतो तेव्हा, ते 60 विकलांचे, म्हणजे सहापट मोठे, पण नखाच्या कडेसारख्या कोरीचे झालेले असते. हा क्रम पाहिला की शुक्र सूर्याभोवती फिरतो याबद्दल शंका उरत नाही. 1610 च्या अखेरीस गॅलिलिओने हेच पाहिले आणि सगळे काही पृथ्वीभोवती फिरते ही टॉलेमीची जुनी रचना तिथेच संपली.

मात्र तेवढ्याने पृथ्वी फिरू लागली नाही. डेन्मार्कचा ट्यूको ब्राहे याने 1588 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि ग्रहांचा तो सारा परिवार घेऊन सूर्य स्थिर पृथ्वीभोवती फिरतो. आपल्याकडे केरळमध्ये नीलकंठ सोमयाजी यांनी त्याच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या आरंभी, ग्रहगणित सुधारताना अशाच स्वरूपाची रचना मांडली होती. या रचनेत शुक्राच्या कला, मंगळाचे वक्री होणे, त्याचे तेज कमी-जास्त होणे, गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांच्या वेळा पुढे-मागे होणे, हे सगळे जसेच्या तसे निघते. सूर्यमालेतल्या वस्तूंची एकमेकांपासूनची अंतरे दोन्ही रचनांत तंतोतंत सारखी असल्यामुळे निव्वळ सूर्यमालेकडे पाहून यांतली खरी कोणती हे कधीच ठरणार नाही. तुमच्या मामांचे म्हणणे जर ट्यूकोसारखे असेल, आणि पंचांग जाणणाऱ्या माणसाचे ते बहुधा तसेच असते, तर सूर्यमालेतला कोणताही पुरावा त्यांना लागू पडणार नाही.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती दोन्ही बाजूंकडून चुकीची सांगितली जाते. आर्यभटाने 499 मध्ये लिहिलेल्या आर्यभटीयात, पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे म्हटले आहे. हे परिवलनाचे फार सुंदर विवेचन आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे आर्यभटाने सांगितलेले नाही. आपल्या बाजूने बोलताना त्याच्या नावावर हे खपवू नये. समोरच्याने मूळ श्लोक वाचलेला असेल, तर आपली पुढची खरी विधानेही त्याला संशयास्पद वाटू लागतात.

तर पुरावा सूर्यमालेबाहेरच शोधायला हवा, म्हणजे ताऱ्यांत. विचार सरळ आहे. आपण स्वतः वर्षभरात एक मोठे वर्तुळ फिरत असू, तर आपल्या फिरण्याची खूण प्रत्येक ताऱ्यावर उमटली पाहिजे, ती बरोबर एका वर्षाने परत आली पाहिजे, आणि तिचा आकार त्या ताऱ्याच्या स्वभावावर अवलंबून न राहता केवळ तो कोणत्या दिशेला आणि किती दूर आहे यावर ठरला पाहिजे. अशा तीन खुणा आहेत. आपली जागा बदलल्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकतो, त्याला पराशय किंवा पॅरलॅक्स म्हणतात. आपल्याला वेग असल्यामुळे येणाऱ्या प्रकाशाची दिशा बदलल्यासारखी दिसते, तिला ॲबरेशन म्हणतात. आणि त्याच वेगामुळे प्रकाशाची तरंगलांबी बदलते, म्हणजे ताऱ्यापासून दूर जाताना ती तांबड्या बाजूला वाढते आणि जवळ जाताना निळ्या बाजूला घटते, तो डॉप्लर परिणाम.

ट्यूकोने पृथ्वीला स्थिर मानले ते हट्टाने नव्हे. दुर्बीण नसतानाही त्याची मोजमापे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत अचूक होती आणि इतक्या अचूकतेतही त्याला एकाही ताऱ्याचा पराशय सापडला नव्हता. पृथ्वी फिरत असेल तर तारे कल्पनेपलीकडे दूर असले पाहिजेत, हे त्याला अशक्य वाटले. ते खरोखरच तितके दूर आहेत, पण हे कळायला त्याच्यानंतर अडीचशे वर्षे लागली.

पराशय शोधता शोधता आधी दुसरीच खूण सापडली. लंडनजवळ क्यू येथे सॅम्युअल मॉलिनो यांच्या घरी 1725 च्या डिसेंबरात जेम्स ब्रॅडली यांनी कालेय तारकासमूहातल्या गॅमा ड्रॅकोनिस या ताऱ्याचे निरीक्षण सुरू केले. हा तारा लंडनहून जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे वातावरणाने प्रकाश वळण्याची अडचण तिथे उरत नाही. दुर्बीण उभी, भिंतीला पक्की बसवलेली. पराशय असता तर डिसेंबरात हा तारा एका टोकाला पोचलेला असायला हवा होता आणि काही दिवस जागचा हलायला नको होता. तो मात्र दक्षिणेकडे सरकू लागला आणि मार्चपर्यंत सुमारे 20 विकला सरकला. मग तो परत फिरला, जूनमध्ये मूळ जागी आला, सप्टेंबरात तितकाच उत्तरेला गेला आणि डिसेंबरात पुन्हा पहिल्या जागी. आवर्तन बरोबर एका वर्षाचे, पण पराशयाच्या अपेक्षेपेक्षा तीन महिन्यांनी हटलेले.

या तीन महिन्यांच्या फरकातच उत्तर होते. पराशय पृथ्वी कुठे आहे यावर ठरतो आणि ॲबरेशन ती कोणत्या दिशेने धावते आहे यावर. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूची जागा आणि तिची धावण्याची दिशा यांत पाव फेरीचे, म्हणजे तीन महिन्यांचे, अंतर असते. वारा नसताना सरळ खाली पडणारा पाऊस धावत्या एसटीच्या काचेवर तिरक्या रेघा ओढतो, तसा ताऱ्याचा प्रकाश धावत्या पृथ्वीवर किंचित तिरका येतो. तिरकेपणा किती, तर पृथ्वीचा वेग भागिले प्रकाशाचा वेग. सेकंदाला 30 किलोमीटर भागिले 3 लाख किलोमीटर, म्हणजे दहा हजारांत एक, म्हणजे कोनात सुमारे साडेवीस विकला. ब्रॅडली यांनी 1729 मध्ये हा शोध प्रसिद्ध केला, आणि पृथ्वीच्या परिभ्रमणाचा पहिला थेट पुरावा म्हणून मी नेहमी याचेच नाव घेतो.

या खुणेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ती सगळ्या ताऱ्यांना सारखी लागू होते. जवळचा असो वा हजारो प्रकाशवर्षे दूरचा, साडेवीस विकला हा आकडा बदलत नाही. क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे ताऱ्यांमधल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, ध्रुवाजवळचा, म्हणजे कदंबाजवळचा, तारा वर्षभरात जवळजवळ वर्तुळ काढतो, क्रांतिवृत्तावरचा तारा सरळ रेषेत मागे-पुढे होतो आणि मधले तारे लंबवर्तुळे काढतात. हे हलणे ताऱ्यांचे स्वतःचे असते तर ज्याच्या त्याच्या अंतराप्रमाणे आणि स्वभावाप्रमाणे ते वेगवेगळे झाले असते. मात्र घरच्या दुर्बिणीतून हे दाखवायला जाऊ नका. एका दृश्यक्षेत्रातले सगळे तारे बरोबरच सरकतात, त्यामुळे छायाचित्रात काहीच वेगळे दिसत नाही.

पराशय अखेर 1838 मध्ये हाती आला. क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेत फ्रीड्रिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या 61 सिग्नी या ताऱ्याचा पराशय 0.31 विकला काढला. आजचे मूल्य 0.29 च्या आसपास आहे. त्याच सुमारास अभिजितचा पराशय स्त्रुव यांनी आणि मित्र या ताऱ्याचा, म्हणजे आल्फा सेंटॉरीचा, हेंडरसन यांनी मोजला. ज्यांना चिकाटी आहे अशा हौशी निरीक्षकांनी आज भुजंगधारीतला बर्नार्डचा तारा घ्यावा. 8 इंची दुर्बीण, चांगला कॅमेरा आणि दोन-तीन वर्षे पुरेशी होतात. हा तारा स्वतःच्या गतीने वर्षाला 10 विकलांहून अधिक सरकतो आणि त्या सरळ मार्गावर 0.55 विकलांची वार्षिक लहर चढलेली दिसते. 0.55 विकला म्हणजे एका अंशाचा सुमारे साडेसहा हजारावा भाग, तेव्हा काम नाजूक आहे आणि पावसाळ्यातले चार महिने हातचे जातात. मामांसाठी मी याहून सोपी वाट सुचवतो.

ती वाट वर्णपटाची आहे आणि तिच्यासाठी रोहिणी व ज्येष्ठा हे दोन तारे जणू मुद्दाम ठेवल्यासारखे आहेत. नक्षत्रांच्या क्रमात रोहिणी चौथी आणि ज्येष्ठा अठरावी, म्हणजे मध्ये चौदा नक्षत्रांचे, अर्ध्या राशिचक्राचे, अंतर. आणि प्रत्यक्षातही या दोन ताऱ्यांच्या रेखांशांत जवळजवळ बरोबर 180 अंशांचा फरक आहे. दोन्ही तारे क्रांतिवृत्तापासून पाच-साडेपाच अंशांच्या आत आहेत, दोन्ही तांबूस आणि तेजस्वी आहेत आणि दोघांच्या वर्णपटात ठसठशीत, अरुंद रेषा आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर मार्चच्या आरंभी ती रोहिणीपासून सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने दूर जात असली पाहिजे आणि त्याच क्षणी ज्येष्ठेकडे त्याच वेगाने धावत असली पाहिजे. सप्टेंबरच्या आरंभी याच्या नेमके उलट. मार्चमध्ये रोहिणी सूर्यास्तानंतर उंच असते आणि ज्येष्ठा पहाटे दक्षिणेला उंच असते, त्यामुळे एकाच रात्री दोघांचे वर्णपट घेता येतात. सप्टेंबरात आपल्याकडे आकाश मिळणे कठीण, म्हणून ऑक्टोबरचा मध्य धरावा. तेव्हा पूर्ण 30 ऐवजी सुमारे 21 किलोमीटरचा परिणाम मिळतो. आपल्या कामाला तो पुरतो.

प्रत्यक्ष मोजमाप असे होते. वर्णपटदर्शकाला फट हवी आणि त्याची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची ताकद, पाच ते दहा हजारांच्या घरात हवी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला लोलकाचा वर्णपटदर्शक याला पुरणार नाही. ताऱ्याचा वर्णपट घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर लगेच निऑनच्या छोट्या दिव्याचा वर्णपट घ्यायचा. निऑनच्या 5852.5, 5881.9 आणि 5944.8 आंगस्ट्रॉमच्या (आंगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) रेषा आपली मोजपट्टी होतात. त्यांच्यामध्ये, 5890 आणि 5896 च्या आसपास, ताऱ्यातल्या सोडियमच्या दोन काळ्या रेषा जोडीने दिसतात. रोहिणी स्वतःच आपल्यापासून, नेमके म्हणजे सूर्यापासून, सेकंदाला 54 किलोमीटर वेगाने दूर जाते आहे. मार्चमध्ये त्यात आपले 30 मिळाले की 84 होतात आणि पहिली सोडियम रेषा 5889.95 वरून 5891.6 वर जाते. ऑक्टोबरच्या मध्यात 54 मधून 21 वजा होऊन 33 उरतात आणि रेषा 5890.6 वर येते. फरक एका आंगस्ट्रॉमचा, म्हणजे त्या जोडीतल्या अंतराच्या सहाव्या भागाएवढा. दोन वर्णपट एकाखाली एक लावले की कोणतेही गणित न करता तो डोळ्यांना दिसतो. ज्येष्ठेच्या रेषा याच काळात विरुद्ध दिशेने सरकलेल्या असतात. तिचा स्वतःचा वेग अवघा 3 किलोमीटर आणि तोही जवळ येण्याचा, म्हणून मार्चमध्ये रेषा निळ्या बाजूला आणि ऑक्टोबरात तांबड्या बाजूला गेलेल्या आढळतात.

यंत्रच हलले असेल, ही शंका कोणीही घेईल आणि ती घ्यायलाच हवी. तिचे उत्तर त्याच वर्णपटात असते. सोडियमच्या रेषांच्या अवतीभवती आपल्याच वातावरणातल्या बाष्पाच्या बारीक रेषा असतात आणि दमट रात्री त्या स्पष्ट दिसतात. मार्च असो वा ऑक्टोबर, त्या जागच्या हलत नाहीत. ताऱ्याच्या रेषा सरकतात, वातावरणाच्या नाहीत, आणि दोन्ही एकाच चित्रात आहेत.

आता कोणी म्हणेल की रोहिणी स्वतःच वर्षभर मागे-पुढे होत असेल. इथे मला वाटते त्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे या. रोहिणी सुमारे 65 प्रकाशवर्षे दूर आहे आणि ज्येष्ठा साधारण 550. आज दिसणारा रोहिणीचा प्रकाश 65 वर्षांपूर्वी निघालेला आहे आणि ज्येष्ठेचा शिवकालाच्याही आधी. तारेच झुलत असतील तर ज्येष्ठेने साडेपाचशे वर्षांपूर्वी आणि रोहिणीने 65 वर्षांपूर्वी असे नेमके झुलायला हवे होते, की दोघांचा प्रकाश इथे पोचताना यंदाच्या मार्चमध्ये एकीच्या रेषा तांबड्या आणि दुसरीच्या निळ्या बाजूला याव्यात. हेच प्रत्येक अंतरावरच्या प्रत्येक ताऱ्याबाबत, दरवर्षी, न चुकता घडायला हवे. त्याऐवजी एकटी पृथ्वी फिरते म्हटले की सगळ्याचा उलगडा एकदम होतो. शिवाय कदंबाजवळच्या ताऱ्यांत हा परिणाम फारच थोडा आढळतो, कारण आपली कक्षा त्यांच्या दिशेला जवळजवळ काटकोनात आहे. हेही आधी सांगून मग दाखवता येते.

रेडिओ दुर्बिणींवर काम करणाऱ्यांना तर पृथ्वीची ही फेरी रोज हिशेबात धरावी लागते. आपल्या नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे आणि तिथे स्पंदक ताऱ्यांच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांच्या वेळा मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने मोजल्या जातात. क्रांतिवृत्तावरच्या स्पंदकाचे ठोके वर्षातल्या एका काळात सुमारे 8 मिनिटे 19 सेकंद लवकर आणि सहा महिन्यांनी तितकेच उशिरा पोचतात, कारण प्रकाशाला कक्षेची त्रिज्या ओलांडायला तेवढाच वेळ लागतो. पृथ्वीची जागा एका किलोमीटरने चुकली तरी ठोक्याची वेळ 3.3 मायक्रोसेकंदांनी चुकते आणि ते लक्षात येते. 1967 मध्ये पहिला स्पंदक सापडला तेव्हा त्याच्या 1.337 सेकंदांच्या ठोक्यातही पृथ्वीच्या वेगामुळे होणारा बदल शोधकांनी लगेच टिपला होता.

हा हिशेब थोडा चुकला तर काय होते याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 1991 मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी एका स्पंदकाभोवती सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह सापडल्याचे जाहीर केले. पुढे त्यांच्याच लक्षात आले की पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नसून किंचित लांबट आहे, ही गोष्ट गणितात पुरेशी धरली गेली नव्हती आणि तो ग्रह म्हणजे आपल्याच कक्षेची सावली होती. 1992 च्या जानेवारीत लाइन यांनी भर परिषदेत उभे राहून दावा मागे घेतला आणि सभागृहाने त्यांचे टाळ्यांनी स्वागत केले. खगोलशास्त्र डोळे झाकून चालते असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो.

मामा आणखी काही आक्षेप घेतील, त्यांची तयारी असू द्या. महाजालावर हल्ली दोन प्रयोगांची नावे घेतली जातात: जॉर्ज एअरी यांनी 1871 मध्ये दुर्बिणीत पाणी भरून केलेला ॲबरेशनचा प्रयोग आणि मायकेलसन-मोर्ले यांचा 1887 चा प्रयोग. पाण्यात प्रकाश मंदावतो, म्हणजे ॲबरेशन वाढायला हवे होते, ते वाढले नाही, म्हणून पृथ्वी स्थिर आहे, असा युक्तिवाद केला जातो. पण पाणी भरल्याने काहीच फरक पडणार नाही असे फ्रेनेल यांनी पृथ्वी फिरते हे धरूनच 1818 मध्ये सांगून ठेवले होते, आणि वाहत्या पाण्यात प्रकाश किती ओढला जातो हे फिझो यांनी 1851 मध्ये मोजून त्याला दुजोराही दिला होता. एअरी यांचे उत्तर त्या भाकिताशी जुळले. मायकेलसन-मोर्ले यांच्या प्रयोगातून बाद झाला तो ईथर, म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असे तेव्हा मानले जाणारे माध्यम. पृथ्वीच्या वेगाचा पुरावा तर ताऱ्यांच्या रेषांत तसाच कायम आहे.

सापेक्षतेनुसार दोन्ही म्हणणी सारखीच खरी, असेही सांगितले जाते. कोणत्याही बिंदूला स्थिर मानून गणित करता येते हे खरे आहे. पंचांगकर्ते तेच करतात, आणि ग्रहणाची वेळ बरोबर येते याचे कारण ते आहे. त्यावरून पृथ्वी स्थिर ठरत नाही. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 3 लाख 33 हजार पट आहे. दोघे ज्या सामाईक बिंदूभोवती फिरतात तो सूर्याच्या केंद्रापासून केवळ 450 किलोमीटरवर आहे आणि सूर्याची त्रिज्या जवळजवळ 7 लाख किलोमीटर आहे. कोण कोणाभोवती फिरते हा प्रश्न गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने इथे निकालात निघतो.

इतक्या वेगाने आपण धावतो तर जाणवत का नाही, हा आक्षेप मात्र मनापासून आलेला असतो आणि त्याला शांतपणे उत्तर द्यावे. शरीराला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. पृथ्वी एका सेकंदात 30 किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्यात तिचा मार्ग सरळ रेषेपासून अवघा 3 मिलिमीटर वळतो. त्यातही सूर्य पृथ्वीला जसा ओढतो तसाच आपल्यालाही ओढतो, त्यामुळे तो वळणाचा धक्काही शरीरापर्यंत पोचत नाही.

एक सूचना पद्धतीबद्दल. निरीक्षणापूर्वी दोघांनी आपापले भाकीत कागदावर लिहावे, तारखेसह: रोहिणीची रेषा मार्चमध्ये कुठे असेल, ऑक्टोबरमध्ये कुठे, ज्येष्ठेची कोणत्या बाजूला. पृथ्वी स्थिर असेल तर या आकड्यांत वार्षिक फरक का पडावा, हे मामांनी आधीच लिहून द्यावे. निकाल हाती आल्यावर स्पष्टीकरण शोधणे कोणालाही जमते, म्हणून हा आग्रह. यंत्रासाठी तुमच्या शहरातल्या हौशी खगोलमंडळाला विचारा. असे वर्णपटदर्शक वापरणारे लोक आता आपल्याकडे आहेत आणि मामांनाही मोजमापाच्या रात्री बरोबर न्या.

दोन्ही मोजमापे झाल्यावर शेवटचे गणित मामांनाच करू द्या. बॉनच्या वेधशाळेत क्युस्टनर यांनी 1905 मध्ये स्वातीच्या वर्णपटांवरून असेच सूर्याचे अंतर काढले होते. रोहिणीच्या मार्च आणि ऑक्टोबरच्या वेगांतला फरक साधारण 51 येईल. मार्चमध्ये पूर्ण परिणाम आणि ऑक्टोबरात त्याच्या सात दशांश, म्हणून 51 ला 1.7 ने भागा. पृथ्वीचा वेग सेकंदाला 30 किलोमीटर मिळेल. वर्षातल्या 3 कोटी 15 लाख सेकंदांनी त्याला गुणले की कक्षेचा परीघ सुमारे साडेचौऱ्याण्णव कोटी किलोमीटर, आणि त्याला 6.28 ने भागले की सूर्याचे अंतर 15 कोटी किलोमीटर. सूर्याकडे न पाहता, 65 प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याच्या सोडियम रेषेवरून हा आकडा निघतो, आणि इतर सर्व मार्गांनी मोजलेल्या सूर्याच्या अंतराशी तो जुळतो. मामा पृथ्वी स्थिर मानत असतील, तर रोहिणीच्या रेषेत सूर्याचे अंतर कुठून आले, एवढेच त्यांना विचारा.